वजा माणसं

कुंभिवलीला मी गेले ती घर मोजायला. लांबी-रुंदी नव्हे, घर किती तापतं ते मोजायला.

१९८४चा मार्च होता. मुंबईच्या आमच्या संस्थेत इमारतींच्या उष्णतेवर काम चालायचं. भिंत कशाची, छप्पर कशाचं, खिडकीचं तोंड कुठे, बाहेर ऊन किती, आत माणसं किती, हे सगळं कार्डांना भोकं पाडून कॉम्प्युटरला द्यायचं आणि घर बांधण्याआधीच ते दुपारी किती तापेल हे काढायचं, असा तो उद्योग. विजेशिवाय थंड राहणारी घरं बांधता येतील यावर आमचा विश्वास होता. पण कॉम्प्युटरमधलं घर आणि खरं घर जुळतं का, हे बघायला कुणीतरी खऱ्या घरात जाऊन बसावं लागतं. विभागात बिनलग्नाची मी एकटीच. "टिपणीस जाईल," असं ठरलं.

बोरघाट उतरून आलेले ट्रक कुंभिवलीपाशी येईपर्यंत त्यांचे ब्रेक तापलेले असतात. तो करपट वास तिथल्या हवेत दिवसभर राहायचा. रस्त्याच्या कडेला पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, चहाच्या टपऱ्या. मागे भात कापून नेलेली खाचरं, त्यांत नुसते खुंट. पलीकडे इर्शाळगडाचं टोक, उन्हाने धुरकटलेलं. या खाचरांतली बरीचशी पिढ्यान् पिढ्या श्रीपतरावांच्या घराण्याची. काही त्यांनी कारखान्यांना विकली आणि उरलेल्या जागेवर स्वतःचा कारखाना काढला. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल बनवायचा. कॅप्सूल म्हणजे जिलेटिनचं टरफल. उन्हाळ्यात वीज गेली, थंडाईचं यंत्र बंद पडलं, की गोदामातल्या कॅप्सूल मऊ होऊन एकमेकींना चिकटायच्या. म्हणून त्यांना यंत्राशिवाय थंड राहणारं गोदाम हवं होतं. त्याची चाचणी म्हणून आमच्या नकाशाप्रमाणे त्यांनी आवारात दोन लहान घरं बांधून दिली. अगदी सारखी. दुहेरी कौलं, मधे हवेची पोकळी, बाहेरून चुना.

श्रीपतराव पन्नाशीचे, गोरे, हळू बोलणारे. मानेवर कायम ओला रुमाल. "मला उन्हाळा सोसत नाही, टिपणीसबाई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, जणू आजार सांगावा तसं. माझी राहायची सोय त्यांनी खालापूरला मामलेदार कचेरीमागच्या एका खोलीत केली. सकाळी एसटीने मी कुंभिवलीला यायची, संध्याकाळी परत.

दोन्ही घरांच्या भिंतींत, छताखाली, खोलीच्या मधोमध मी तापमान मोजणाऱ्या तारा बसवल्या. तारा एका यंत्रात जायच्या, आणि त्यातली पेनं गोल फिरणाऱ्या कागदावर रेघा काढत राहायची. घरं रिकामी होती तोवर सगळं सुरेख चाललं. कॉम्प्युटरची रेघ आणि पेनाची रेघ बहिणींसारखी हातात हात घालून चालत होत्या. इतकं नीट जुळताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पाडव्याच्या सुमाराला पहिल्या घरात माणसं आली. दुसरं तुलनेसाठी रिकामंच ठेवायचं होतं. आलेली माणसं म्हणजे कारखान्याचा राखणदार पोपट, त्याची बायको मैना आणि आई सोनुबाई. आतापर्यंत ती कारखान्यामागे पत्रे टेकवून राहत होती. सोनुबाईने उंबरठ्याला हात लावला, मग तोच हात बराच वेळ भिंतीवर ठेवला.

"पक्की हाय गं," ती सुनेला म्हणाली.

पोपटने मला विचारलं, "बाई, या तारांचा शॉक तर नाय ना बसत?"

"नाही. फक्त हात लावू नका."

"नाय लावत. तुमी म्हनाल तसं ऱ्हातो."

शांत बसलेलं माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, असं आम्ही धरतो. तेवढी उष्णता त्याच्या अंगातून सतत बाहेर पडत असते. तीन माणसं म्हणजे तीन दिवे. चूल बाहेर पडवीत होती, तिचा प्रश्न नव्हता. त्यामुळे पहिलं घर दुसऱ्यापेक्षा दीडएक अंशाने गरम व्हायला हवं होतं.

ते दीड अंशाने थंड झालं.

मला वाटलं, तारा ढिल्या झाल्या. नीट केल्या. यंत्र बिघडलं असेल म्हणून दोन्ही घरांची यंत्रं अदलाबदल केली. थर्मामीटर हातात घेऊन स्वतः खोलीत बसले. पाण्याची घागर बाहेर ठेवायला लावली, ओली फडकी आत वाळत घालू नका म्हणून सांगितलं. काही फरक नाही. जवळच्या चौक गावात कुणाच्या तरी लग्नाला तिघं गेली, तेव्हा घर हळूहळू वर चढलं आणि शेजारच्या रिकाम्या घराच्या बरोबरीला आलं. ती परतली आणि रेघ पुन्हा खाली गेली.

एप्रिलच्या भर दुपारी सोनुबाई अंगणात उन्हात बसलेली दिसायची, डोक्यावरून गोधडी घेऊन.

"आजी, आत बसा ना. ऊन लागेल."

"आत लय गार हाय, बाई."

"गार आहे ते बरंच आहे की."

तिने गोधडी आणखी ओढून घेतली. गोधडीच्या आतून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

कागदांच्या गुंडाळ्या घेऊन मी मुंबईला गेले. विभागप्रमुखांना दाखवलं. ते हसले. "तारा उलट जोडल्यास तू. गरमच्या जागी गार दाखवतायत. हवं तर माणसांच्या आकड्यामागे वजा टाकून चालव, म्हणजे तुझं घर जुळेल."

ते थट्टेने म्हणाले होते. मी कार्ड बदललं. माणसं वजा तीन. म्हणजे तीन माणसं उष्णता बाहेर टाकत नाहीत, आत घेतात. कॉम्प्युटरने काढलेली रेघ आणि पेनाने काढलेली रेघ मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. एकच रेघ दिसत होती.

कुंभिवलीला परतल्यावर मी सगळ्या तारा एकेक करून बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून पाहिल्या. एकही उलट नव्हती.

पोपटच्या दाराशी गेले तर आत श्रीपतराव. खाटेवर मांडी घालून बसलेले, शर्टाची वरची बटणं सोडलेली, डोळे मिटलेले. मानेवर रुमाल नव्हता. मैना आणि सोनुबाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या होत्या. आल्या पाहुण्यासमोर बसतात तशा, हात मांडीवर ठेवून.

"या, टिपणीसबाई," ते डोळे न उघडता म्हणाले. "बाहेर काय वणवा आहे. आणि इथे बघा."

"याचं कारण मला अजून कळलेलं नाही."

"माणसं बाहेर गेली की गरम होतं, आली की गार. पोपट म्हणाला मला." त्यांनी डोळे उघडले. "माणसं वाढवली तर अजून गार होईल का?"

"कारण कळल्याशिवाय काही करू नका असं मी सांगेन."

"पंखा का फिरतो ते मला कुठे कळतं?" ते समजुतीने म्हणाले. "मी बटण दाबतो."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रिकाम्या घरात कॅप्सूल निवडायला सहा बायका बसवल्या. माझी तुलना मोडली म्हणून मी चिडले. मग पेनाकडे पाहिलं आणि चिडायचं विसरून गेले. पहिले दोन दिवस ते घर तापलं, तापायला हवं होतं तसंच. तिसऱ्या दिवसापासून उतरू लागलं. आठवडा संपला तेव्हा त्या घरात शिरताना माझ्या दंडावर काटा आला. बायका खुशीत होत्या. त्यांच्यातली चिंधी नावाची, तोंडाने फटकळ, मला म्हणाली, "बाई, बाहेर जीव जातोय आन् आमी हितं महाबळेश्वरला."

उन्हाळा वाढत होता. महिन्याभरात त्यांचं बोलणं कमी झालं. मग त्या पदर कानांवरून घेऊन बसू लागल्या.

एकदा मैनेने मला चहा दिला. कप तिच्या हातातून घेतला तर त्याचा कान थंड लागला. घोट घेतला, चहा गार होता. माझ्या देखत तिने तो चुलीवरून उतरवून ओतला होता.

"असंच व्हतं आता," ती म्हणाली. "मी वाकले का जाळ बसतो, बाई. सासूबाई तर चुलीपाशी येतच नायत. भाकर कच्ची ऱ्हाते मग."

"तुला थंडी वाजते?"

"वाजत नाय. पयली वाजायची." तिने तव्याकडे पाहिलं. "काल तवा हातानं उचलला. ध्यानातच नाय आलं."

तिने तळहात पुढे केला. कुठेही भाजल्याची खूण नव्हती. मी तो हात हातात घेतला आणि लगेच सोडला. ते तिला दिसलं. तिने हात पदराखाली घेतला.

ओळखीच्या एका डॉक्टरांना मी खालापूरहून घेऊन आले. त्यांनी सोनुबाईच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, काढला, झटकला, पुन्हा ठेवला. पारा हलला नाही. पोपटच्या जिभेखाली ठेवला; तेच. नाड्या ठीक चालत होत्या. छातीत घरघर नव्हती, भूक बरी होती. डॉक्टर थर्मामीटर उन्हात धरून पाहत म्हणाले, "फुटलाय बहुतेक."

दुसऱ्याच दिवशी मी पोपटला बाहेर बोलावून सांगितलं, "हे घर सोडा."

त्याने घराकडे पाहिलं. "कुठं जाऊ, बाई? पत्र्याखाली?"

"मैनेच्या माहेरी जा थोडे दिवस. मी साहेबांशी बोलते."

श्रीपतरावांनी अजिबात अडवलं नाही. उलट टेंपो दिला. मैनेचं माहेर भिवपुरीच्या बाजूला होतं, भाऊ नागू शेती करायचा. तिघं गेली आणि पहिलं घर पुन्हा साध्या घरासारखं तापू लागलं. मला सुटल्यासारखं वाटलं. दोष त्या घरांत होता, ती घराबाहेर पडली; निवडणाऱ्या बायका तर रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात होत्या. जूनमध्ये माझ्या तारा गुंडाळून मी मुंबईला आले, आणि अहवालात त्या वजा चिन्हाबद्दल काय लिहावं याचा विचार करत पावसाळा काढला.

दसऱ्यानंतर श्रीपतरावांचा फोन आला. त्यांनी नवं गोदाम बांधायला घेतलं होतं, त्यात माझी यंत्रं हवी होती. मी गेले. ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्याइतकंच टोचत होतं. त्यांच्या केबिनमध्ये शिरले तर अंगावर गारवा आला, नुसता गारवा नव्हे, ओल्या विहिरीत वाकल्यासारखा. पंखा बंद होता. टेबलामागे श्रीपतराव, तजेलदार, कोरड्या मानेचे. त्यांच्या खुर्चीशेजारी एका लाकडी खुर्चीवर सोनुबाई बसली होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले, हात मांडीवर.

"आजी सकाळी येतात, संध्याकाळी जातात," ते म्हणाले. "काम काही नाही. बसायचं. पगार देतो. आजी, पाणी हवंय?"

सोनुबाईने मान हलवली. नको.

मी पोपटला शोधलं. तो फाटकापाशी उभा होता. बिडी ओठांत होती, पेटलेली नव्हती.

"परत का आलात?"

"मेव्हण्यानं घालवलं." तो शांतपणे सांगत होता. "आमी गेलो तवा भावजय बाळंतीन होती. चार दिस बरं गेले. मग त्यांचं घर गार पडाया लागलं. लेकरू निळं पडलं, बाई. मैना त्याला घेऊन बसली व्हती, तिच्या मांडीवरच निळं पडलं. भावजयीनं वढून घेतलं. आमी निघालो तवा कुठं ते रडलं." त्याने बिडी ओठांतून काढून खिशात ठेवली. "घराचं काय नव्हतं ते. आमचंच हाय."

"आणि त्या निवडणाऱ्या बायका?"

"त्यांचं बी तसंच. चिंधीची पोरं तिच्याजवळ निजत नायत. सायब म्हनतात, काम करा, खा. सायब हायत म्हनून हाय."

श्रीपतराव मला नव्या गोदामाच्या जागेवर घेऊन गेले. पाया खणला होता. "या वेळी तुमची दुहेरी कौलं नकोत," ते म्हणाले. "साधे सिमेंटचे पत्रे घालणार. छपरावर खर्च कशाला करायचा?"

मी त्यांना डॉक्टरांचं सांगितलं. त्या लेकराचं सांगितलं. ही माणसं आजारी आहेत, त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, म्हटलं.

"नेऊ की. पण विचारा त्यांना, काही दुखतंय का." ते थांबले. "टिपणीसबाई, त्यांना दुसरीकडे कुणी शेजारी बसू देत नाही. मी देतो. मी तर त्यांना शेजारीच बसवतो."

सोनुबाई त्याच महिन्यात गेली. मी खालापूरलाच होते, म्हणून मला कळलं. दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. कधी गेली ते केबिनमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गारवा कमी झाला नव्हता.

पाताळगंगेच्या काठावर तिला नेलं. बौद्धवाडीतली वीस-पंचवीस माणसं होती. बायका सहसा जात नाहीत, पण मी गेले. मैनाही आली, सगळ्यांपासून दूर उभी राहिली. त्रिशरण आणि पंचशील म्हणून झालं. लाकडं वखारीतली, खडखडीत वाळलेली. पोपटने पेटतं लाकूड लावलं. ते विझलं. पुन्हा पेटवून दुसऱ्या माणसाने लावलं. रॉकेल ओतलं, ज्वाळा उठली आणि वरून कुणी ओली गोणी दाबावी तशी बसली. लाकडांच्या कडा नुसत्या काळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, लाकडं ओली दिसतात. एकाने मूठभर ढलप्या काढून बाजूला पेटवल्या. त्या कडकड जळाल्या. पोपट सरणाजवळून बाजूला झाला, आपल्यामुळे होतंय असं वाटून, आणि पार नदीच्या पाण्यात जाऊन उभा राहिला. तरी पेटलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा पुरायचं ठरलं. जागेवरून कुजबुज सुरू झाली. असलं प्रेत आपल्या वाडीच्या जमिनीत नको, असं एकदोघांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा श्रीपतराव पुढे झाले.

"माझ्या जागेत न्या," ते म्हणाले. "आजी आमच्याच होत्या."

लोकांना फार बरं वाटलं. मोठ्या मनाचा माणूस, असं जाताना सगळे म्हणत होते.

तिला नव्या गोदामाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पुरलं.

डिसेंबरात गोदाम पुरं झालं. साध्या विटा, सिमेंटचे पत्रे, एक लोखंडी शटर. आत माल, माणूस एकही नाही. श्रीपतरावांच्या सांगण्यावरून मी तिथे तारा लावल्या. जमीन नुकतीच घोटलेली, पायाला गुळगुळीत. मी काम पटापट उरकलं. दर महिन्याला यंत्रातले कागद त्यांचा कारकून टपालाने मुंबईला पाठवू लागला.

पहिल्या कागदावरची माहिती कॉम्प्युटरला देताना माणसांच्या जागी मी शून्य घातलं. जुळलं नाही. गोदाम थंड होतं. मग वजा एक घातलं.

जुळलं.

हे मी कुणाला दाखवलं नाही. प्रमुखांना सांगितलं की चाचणी थांबवू या. ते म्हणाले, उन्हाळ्याचे आकडे तरी येऊ देत.

फेब्रुवारीचा कागद आला. रेघ आणखी खाली गेली होती. बाहेर ऊन वाढत असताना आत ती उतरत होती. मी वजा एक घातलं; जुळेना. वजा दोन घातलं, जवळ आली. वजा तीन घातलं.

काचेवर धरायची गरज नव्हती.

मी कुंभिवलीला गेले. फाटकावर वेगळाच माणूस होता. पोपटच्या घराला कुलूप. खिडकीतून पाहिलं. मैनेची भांडी फळीवर पालथी घातलेली होती, बुद्धाची तसबीर भिंतीवर होती, दोरीवर पोपटचा दुसरा शर्ट होता.

श्रीपतरावांनी मला केबिनमध्ये बसवलं. टेबलाशेजारच्या लाकडी खुर्चीवर आता चिंधी बसली होती. माझ्याकडे पाहून ओळखीचं हसू तिच्या तोंडावर येईल असं वाटलं, ते आलं नाही.

"पोपट कुठे आहे?"

"गेली दोघं. पुण्याकडे म्हणे. सांगून गेली नाहीत."

"तसबीर मागे ठेवून?"

"घाईत असतील."

"नव्या गोदामात मला आत जायचंय. तारा बघायच्यात."

"आतली जमीन पुन्हा केली आहे," ते म्हणाले. "एका कोपऱ्यात खचली होती. ओली आहे अजून." मग मवाळपणे, खरोखर जाणून घ्यायच्या उत्सुकतेने त्यांनी विचारलं, "का? आकडे किती येतायत?"

चिंधीच्या हाताजवळ ठेवलेल्या पेल्यावर बाहेरून दव धरलं होतं.

चौकीत गेले. जमादार सभ्य होता, त्याने पुरतं ऐकून घेतलं. "बाई, यंत्रावरून आत कोण पुरलंय ते कसं लिहू मी? नातेवाइकाला आणा. तो म्हणाला माणसं हरवली, तर मी जातो."

म्हणून मी भिवपुरीच्या बाजूला नागूकडे गेले. तो अंगणात लेकराला खेळवत होता. गुटगुटीत, लालबुंद लेकरू. मी मैनेचं नाव काढलं तशी त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"ती पुन्याला गेली," नागू म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शेठनं मानूस धाडलावता."

"ती पुण्याला गेलेली नाही. तुम्ही माझ्याबरोबर चौकीत चला. फक्त एवढंच सांगा, की बहीण हरवली आहे."

त्याने लेकराला छातीशी घट्ट धरलं. बराच वेळ तो त्याच्या पायांवरून हात फिरवत होता, बोटं एकेक चोळून पाहत होता.

"बाई," तो म्हणाला, "तिला शोधली, आन् ती घावली, तर ती कुठं जाईल? हितंच ना?"

तो लेकराला घेऊन दारापर्यंत गेला.

"आमाला आता ऊब हाय. जावा तुमी."

दारातल्या बाईने दार लावून घेतलं.

मुंबईला जायची एसटी पकडायच्या आधी मी एकदा पुन्हा कुंभिवलीला उतरले. काय करणार होते ते माझं मला ठाऊक नव्हतं. सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन आत्ताच डोळ्यांत घुसत होतं. डांबर मऊ झालं होतं. कारखान्याच्या फाटकावर नवी पाटी लागली होती, ताज्या निळ्या रंगाची. कामगार पाहिजेत. कुटुंबासह राहण्याची मोफत सोय.

पाटीखालून आत, नव्या गोदामाच्या भिंतीपर्यंत माणसांची रांग होती. बहुतेक बायका. काही घाटावरून आलेल्या, काही वरच्या वाड्यांतल्या. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुलं. सावली कुठेच नव्हती. घामाने त्यांच्या चोळ्या पाठीला चिकटल्या होत्या.

मी रांगेपाशी गेले. म्हटलं, "इथे कामाला लागू नका. परत जा."

पुढच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग घड्याळाकडे, मग चपलांकडे.

"का वो?"

का ते मला सांगता येईना. जे सांगता येत होतं ते मी सांगितलं. इथे राहिलेली माणसं आजारी पडली, म्हटलं. एक म्हातारी मेली. दोघं नाहीशी झाली.

"मानसं मरत्यातच," ती म्हणाली. "मग तुमी देता का काम?"

मागच्या दोघीतिघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत.

आतून कुणीतरी गोदामाचं शटर वीतभर वर उचललं आणि तसंच ठेवलं. रांग आपोआप तिकडे सरकली. कडेवर वर्षाचं मूल असलेली एक तरुण पोरगी पुढे होऊन जमिनीवर बसली आणि तिने मुलाचे उघडे पाय त्या फटीपाशी धरले.

"ये गं, हितं बस," तिने मागचीला हाक मारली. "काय गार येतंय."

मूल खुदकन हसलं.